माध्यमिक शाळेतील रसायनशास्त्र : समीकरण येते, पण अभिक्रिया कळते का?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत शिफ्ट केमिस्ट आहे. पावसाळ्यात गळीत बंद असते, त्या काळात गावातील माध्यमिक शाळेच्या विज्ञानाच्या बाई मला अधूनमधून दहावीच्या वर्गावर बोलावतात. तेथे जे पाहिले त्यावरून हा धागा काढत आहे. आपल्या शाळांमध्ये जे रसायनशास्त्र शिकवले जाते त्यातले मुलांपर्यंत कितपत पोहोचते, आणि ते सुधारण्यासाठी शाळेच्या हातात काय आहे, एवढ्यावरच येथे चर्चा व्हावी अशी विनंती आहे.

"रासायनिक अभिक्रिया व समीकरणे" हा पाठ चालू होता. जस्त आणि कॉपर सल्फेट यांच्या विस्थापन अभिक्रियेचे समीकरण फळ्यावर लिहिलेले होते आणि वर्गातील बहुतेक मुलांना ते तोंडपाठ होते. बाईंनी परीक्षानळीत कॉपर सल्फेटचे निळे द्रावण घेतले, त्यात चिमूटभर जस्ताची पूड टाकली आणि नळी हलवून पहिल्या बाकावर दिली. नळी कोमट लागते, हे मुलांनी आपण होऊन सांगितले. नळी हातोहात मागे जाईपर्यंत निळा रंग फिका होत गेला आणि तळाशी तांबूस-काळपट गाळ बसू लागला. मी एवढेच विचारले, की निळा रंग कुठे गेला? "उडाला", "जस्ताने शोषून घेतला", "खाली बसला" अशी उत्तरे आली. ज्यांनी समीकरण बिनचूक लिहिले होते, त्यांची उत्तरेही याहून वेगळी नव्हती. मागच्या बाकावरील एका मुलीने मात्र उलट मलाच विचारले, "जस्त जर पाण्यात गेले असेल, तर ते दिसत का नाही?"

त्या तासात मला सर्वांत मोलाचा वाटला तो हा प्रश्न, कारण फळ्यावरची अक्षरे आणि नळीतील वस्तू यांची सांगड घालण्याचा प्रयत्न वर्गात तिने एकटीने केला होता. द्रावणाचा निळेपणा पाण्याच्या रेणूंनी वेढलेल्या कॉपरच्या आयनांमुळे, म्हणजे विद्युतभारित कणांमुळे, असतो. हे आयन जस्ताच्या अणूंकडून इलेक्ट्रॉन घेतात आणि धातुरूप तांबे होऊन तळाशी जमतात. त्यांच्या जागी जस्ताचे जे आयन द्रावणात उतरतात, त्यांना रंग नसतो. विद्यार्थ्याला इतके स्वतःच्या शब्दांत सांगता आले, तर त्याला ही अभिक्रिया कळली असे मी म्हणेन. समीकरण संतुलित करणे हे त्यानंतरचे हिशेबाचे काम आहे. आपल्याकडे बहुधा आधी समीकरण येते, मग अभिक्रियेचा प्रकार, मग व्याख्या, आणि तास उरला तर प्रयोग.

यात शिक्षकांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. पाठ्यपुस्तकात "करून पहा" या शीर्षकाखाली पुष्कळ कृती दिलेल्या आहेत आणि त्या चांगल्याही आहेत. परंतु विज्ञान भाग 1 ची लेखी परीक्षा 40 गुणांची, दहा पाठांपैकी रसायनशास्त्राचे चार, आणि प्रात्यक्षिकाचे 20 गुण शाळेनेच द्यायचे असल्यामुळे, प्रयोग न करताही गुण मिळतात हे मुलांना आठवीपासूनच ठाऊक असते. म्हणून माझा प्रस्ताव असा, की शाळेतील रसायनशास्त्राचा दर्जा निकालाच्या टक्केवारीवरून न ठरवता, डोळ्यांसमोर घडलेल्या बदलाबद्दल विद्यार्थी कणांच्या पातळीवर काय सांगू शकतो, यावरून ठरवावा. सदस्यांनी, विशेषतः शिक्षकांनी, यावर स्पष्ट मत द्यावे.

खडूफळा

प्रस्ताव पटतो, पण त्यातील एक भाग मला अपुरा वाटतो. मी सातारा जिल्ह्यात माध्यमिक शाळेवर विज्ञान शिकवते. माझी पदवी वनस्पतिशास्त्राची आहे. माध्यमिक स्तरावर एकाच विज्ञान शिक्षकाला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र ही तिन्ही अंगे सांभाळावी लागतात, आणि शिक्षकसंख्या पटावर ठरत असल्यामुळे लहान शाळेत दुसरा विज्ञान शिक्षक मिळणे कठीण असते. रसायनशास्त्र हाच ज्याचा मूळ विषय आहे असा शिक्षक प्रत्येक शाळेला मिळेल असे गृहीत धरून केलेली योजना म्हणूनच गावात चालणार नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. प्रयोग दाखविला म्हणजे आकलन होते, असा माझा अनुभव नाही. मुले रंग पाहतात, बुडबुडे पाहतात, खूश होतात आणि वहीत पुन्हा पाठ केलेलेच वाक्य लिहितात. स्कॉटलंडमधील रसायनशिक्षणाचे अभ्यासक ॲलेक्स जॉनस्टन यांनी 1991 मध्ये याचे कारण फार नेमके मांडले. रसायनशास्त्र एकाच वेळी तीन पातळ्यांवर वावरते : डोळ्यांना दिसणारी, अणुरेणूंची न दिसणारी, आणि चिन्हांची. जाणकार माणूस या तीन पातळ्यांवर सहज ये-जा करतो आणि आपण पातळी बदलली हे त्याच्या लक्षातही येत नाही. नवशिक्या विद्यार्थ्यावर मात्र तिन्ही एकदम येऊन आदळतात. आपल्या वर्गांत दिसणारी पातळी थोडी असते, चिन्हांची भरपूर असते, आणि मधली जवळजवळ नसतेच.

म्हणून मी समीकरणाआधी मुलांकडून चित्र काढून घेते. अभिक्रियेपूर्वीचे चंचुपात्र आणि अभिक्रियेनंतरचे चंचुपात्र, दोन्हींत कण दाखवायचे, कणांची संख्या जुळली पाहिजे आणि पाण्याचे रेणू वगळायचे नाहीत. या चित्रांतून मुलांच्या मनातील समजुती उघड होतात. उकळत्या पाण्यातील बुडबुड्यांत काय असते, असे विचारून चित्र काढायला सांगा. काही मुले हवा लिहितात, काही मुले हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे झालेले दाखवितात, आणि पाण्याचेच रेणू वाफ होऊन दूर गेल्याचे थोडीच मुले दाखवितात. नववीत रेणुसूत्रे लिहिता येणारी मुलेही यात असतात. तोंडी प्रश्नोत्तरांत हे कधीच सापडत नाही, कारण तोंडी उत्तर शेजाऱ्याचे ऐकून देता येते.

आवर्तसारणीबद्दलही लिहिणे आवश्यक वाटते. या पाठाचे आपण पार पाठांतर करून टाकले आहे. पहिली वीस मूलद्रव्ये चालीवर म्हणून घेतली की पाठ संपला. खरे तर या पाठाइतकी विचार करायला लावणारी गोष्ट अभ्यासक्रमात दुसरी नाही. मेंडेलीव्ह यांनी 1869 मध्ये सारणी मांडली तेव्हा माहीत नसलेल्या मूलद्रव्यांसाठी जागा रिकाम्या सोडल्या आणि त्यांतील काहींचे गुणधर्मही आधीच वर्तविले. 1875 मध्ये फ्रान्समध्ये गॅलियम सापडले. त्याची घनता सुरुवातीला 4.7 मोजली गेली, तेव्हा ती 5.9 च्या आसपास असली पाहिजे असे मेंडेलीव्ह यांनी कळविले, आणि अधिक शुद्ध नमुना घेऊन पुन्हा मोजल्यावर ती तेवढीच भरली. ज्याने ते मूलद्रव्य कधी पाहिलेही नव्हते, त्याने प्रत्यक्ष मोजणाऱ्याला फेरमोजणी करायला लावली! हे सांगून मी वर्गात सारणीतील एक चौकोन झाकते आणि शेजारच्या चौकोनांवरून त्याचे गुणधर्म मुलांना अंदाजाने लिहायला सांगते. त्यासाठी कोणतेही साहित्य लागत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, त्या जिल्ह्यात हातांनी काम करीत शिकण्याचे महत्त्व नव्याने सांगावे लागू नये.

मिरजेतील पालक

वरील दोन्ही प्रतिसाद आदराने वाचले. तरीही एक व्यावहारिक शंका विचारते. माझा मुलगा दहावीत आहे. शाळा, क्लास आणि गृहपाठ यांत त्याचा दिवस संपतो. पुढे नीट किंवा सीईटी द्यायची आहे आणि तेथे पर्यायी प्रश्न असतात, कणांची चित्रे काढायला कोणी सांगत नाही. शाळेने तास प्रयोगांत आणि चित्रांत घालविले तर अभ्यासक्रम वेळेत पूर्ण कसा होणार? यावर ठोस उत्तर मिळावे.

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

ताई, आपली शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर वेळेच्या हिशेबातूनच दिले पाहिजे. आज शाळेत प्रयोगासाठी म्हणून जो वेळ राखून ठेवलेला असतो, त्यातील मोठा भाग प्रयोगवही लिहिण्यात जातो. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान हे सारे छापील मजकुरावरून किंवा आधीच्या वर्षाच्या वहीवरून सुवाच्य अक्षरात उतरवायचे, आकृती पेन्सिलीने काढायची आणि सही घ्यायची. ज्या मुलाने ब्युरेट, म्हणजे द्रव मोजून सोडायची काचेची नळी, कधी हातात धरले नाही, त्याच्या वहीतही अनुमापनाचे वाचन दशांशापर्यंत अचूक लिहिलेले असते. हा वेळ मोकळा केला आणि प्रत्येक प्रयोगाचे अर्धे पान, पण स्वतः पाहिलेले आणि स्वतः लिहिलेले, एवढेच मागितले, तर जादा तास लागणार नाही.

स्पर्धा परीक्षेबद्दल बोलायचे, तर आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र ऑलिंपियाडचे उदाहरण पाहावे. शालेय वयातील विद्यार्थ्यांची या विषयातील ही सर्वोच्च स्पर्धा 2001 मध्ये मुंबईत झाली होती आणि तिच्यासाठी भारतीय चमूची निवड व तयारी मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र करते. त्या स्पर्धेत 40 टक्के गुण प्रत्यक्ष प्रयोगाला असतात. पर्यायी प्रश्नांच्या परीक्षेतही जे विद्यार्थी अडखळतात, ते व्याख्या आठवत नाही म्हणून क्वचितच अडखळतात. ओळखीची अभिक्रिया अनोळखी वेषात समोर आली की त्यांना ती ओळखता येत नाही.

द्राक्षबाग

मी तासगाव तालुक्यातील बेदाणा उत्पादक आहे. शिक्षक नाही, तरी या चर्चेत भर घालावीशी वाटते, कारण दहावीच्या "कार्बनी संयुगे" या पाठातील बरेच काही आमच्या शेडवर प्रत्यक्ष घडते आणि शाळेतून ते पाहायला कोणी येत नाही.

घड काढले की क्रेटसकट ते डिपिंगच्या द्रावणात बुडवतात. लिटरभर पाण्याला 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि 15 मिलिलिटर डिपिंग ऑइल, हे त्याचे प्रमाण. दोन्ही टाकून ढवळले की द्रावण ताकासारखे पांढुरके होते. डिपिंग ऑइलच्या कॅनवर इथाइल ओलिएट असे लिहिलेले असते, म्हणजे इथेनॉल आणि ओलिइक आम्ल यांचे एस्टर (अल्कोहोल आणि आम्ल यांच्या संयोगाने बनणारे संयुग). पुस्तकात इथेनॉल आणि इथेनॉइक आम्लापासून बनणारे जे एस्टर मुले पाठ करतात, त्याच्याच कुळातील हे. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो, तो मण्यातील पाणी बाहेर पडू देत नाही. या द्रावणाने त्या थराची बांधणी बदलते आणि पाण्याला वाट मिळते, म्हणून रॅकवर टाकलेला माल लवकर वाळतो. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. पुढे गंधकाची धुरी देतात. जळत्या गंधकातून निघणारा सल्फर डायऑक्साइड मणी काळपट होऊ देत नाही आणि मालाला पिवळा रंग येतो.

मुलांनी शेडवर यावे, द्रावण कालवताना पाहावे, बुडविलेला घड आणि न बुडविलेला घड शेजारी ठेवून रोज वजन करावे. धुरीच्या वेळी मात्र मुलांना आत घेता येणार नाही, कारण तो वायू श्वासनलिकेला घातक आहे. द्राक्षांचा हंगाम फेब्रुवारी-मार्चचा असल्यामुळे दहावीला ते जमणार नाही. नववीच्या मुलांना आणावे.

खडूफळा

द्राक्षबाग, हे फार उपयोगाचे आहे. नववीत "आम्ल, आम्लारी व क्षार" हा पाठ झालेला असतो, त्यामुळे मुलांनी येताना हळदीचा कागद आणावा. पोटॅशियम कार्बोनेटचे द्रावण आम्लारीधर्मी असल्यामुळे हळदीचा पिवळा रंग लालसर होईल, आणि लिंबाचा थेंब टाकला की पुन्हा पिवळा. सांगलीच्या मुलांना दर्शक म्हणून, म्हणजे आम्ल की आम्लारी हे रंगावरून दाखविणारा पदार्थ म्हणून, हळदीपेक्षा जवळचे काय मिळणार?

काचकांडी

मी प्रयोगशाळा सहायक म्हणून निवृत्त झालो आहे. चर्चेत सुरक्षिततेचा विषय अजून आलेला नाही, तो मांडतो. अनेक शाळांत प्रयोग होत नाहीत यामागे आळसापेक्षा भीती अधिक असते, आणि ती निराधार नसते. सहायकाचे पद रिक्त असते, शिक्षक एकटे असतात आणि वर्गात साठ मुले असतात. अशा वेळी संहत आम्लाची बाटली कपाटातून बाहेर काढायला कोणीही कचरेल.

यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे प्रमाण कमी करणे. विस्थापन अभिक्रियेला अर्धी परीक्षानळी द्रावण लागत नाही. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटातील खळग्यांत ड्रॉपरने पाच-सहा थेंब टाकले तरी रंगबदल आणि अवक्षेप स्पष्ट दिसतात. एवढ्या थोड्या प्रमाणात विरल द्रावणे वापरली तर प्रत्येक जोडीला स्वतःचा प्रयोग करता येतो, खर्च वाचतो आणि सांडले तरी धोका फार नसतो. डोळ्यांवर चष्मा मात्र हवाच. आम्ल विरल करताना पाण्यात आम्ल थोडे थोडे घालायचे, आम्लात पाणी कधीही ओतायचे नाही, आणि हे काम मुलांनी करायचे नाही.

कॉपर सल्फेटचे उरलेले द्रावण आमच्याकडे सर्रास मोरीत किंवा झाडाच्या बुडाशी ओतले जाई. तसे करू नये, तांबे झाडालाही बाधते आणि ओढ्यातील माशांनाही. एका बरणीत ते साठवावे, त्यात गंजलेले खिळे घासून टाकावेत. तांबे खिळ्यांवर बसते आणि द्रावणाचा निळेपणा जातो. तोच एक चांगला प्रयोग होतो.

नदीकाठच्या शाळांसाठी आणखी एक सूचना आहे. 2019 च्या आणि 2021 च्या पुराचा अनुभव पाहता रसायनांचे कपाट तळमजल्यावर असूच नये. पाणी शिरले की कागदी लेबले निघून जातात, आणि लेबल नसलेल्या बाटलीत काय आहे हे ओळखणे कोणाच्याही हातात राहत नाही. पाणी लागताच पेट घेऊ शकणाऱ्या, म्हणून केरोसीनमध्ये ठेवलेल्या सोडियमबद्दल तर सांगायलाच नको.

अकरावीचा वर्ग

मी कराड परिसरात कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. दहावीला नव्वदच्या पुढे गुण मिळविलेली मुले आमच्याकडे येतात आणि पहिल्या महिन्यातच मोल (अणुरेणूंची मोजदाद करण्याचे एकक) या संकल्पनेवर थबकतात. हा विषय त्यांना नववीत "द्रव्याचे मोजमाप" या पाठात भेटलेला असतो, पण केवळ सूत्र म्हणून. वस्तुमान भागिले रेणुवस्तुमान. भागाकार येतो, मात्र आपण कशाची मोजदाद करतो आहोत हे ठाऊक नसते. 18 ग्रॅम पाण्यात किती रेणू, हे विचारले की उत्तर येते. त्यात ऑक्सिजनचे अणू किती आणि हायड्रोजनचे किती, असे विचारले की वर्ग शांत होतो. म्हणून खडूफळा यांनी सांगितलेली कणांची चित्रे मला अत्यावश्यक वाटतात. ज्याने दोन चंचुपात्रांतील कण मोजून जुळविले आहेत, त्याला समीकरणातील सहगुणक म्हणजे मोजदाद आहे हे निराळे शिकवावे लागत नाही.

धागाकर्त्यांना एक विचारतो. आपण साखर कारखान्यात आहात, तर मोलच्या हिशेबाला धरून या भागातील एखादे उदाहरण देता येईल का? पुस्तकातील उदाहरणे बरोबर असली तरी मुलांना ती परकी वाटतात.

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

सर, कारखान्यातील उदाहरण आम्ल-आम्लारीच्या पाठाला जास्त लागू पडते. उसाचा रस मुळात आम्लधर्मी असतो. तो तसाच तापविला तर साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन होऊन साखर हातची जाते, म्हणून चुन्याचे दुधाळ पाणी (मिल्क ऑफ लाइम) आणि सल्फर डायऑक्साइड देऊन सामू (पीएच) सातच्या, म्हणजे उदासीन पातळीच्या, आसपास आणतात. त्यातच रसातील गाळही खाली बसतो. मोलच्या हिशेबासाठी मात्र मी चोपण जमिनीचे उदाहरण सुचवेन, कारण कृष्णाकाठी मिरज, वाळवा, पलूस भागातील मुलांच्या घरी तो रोजचा विषय आहे.

अतिरिक्त पाणी आणि निचऱ्याचा अभाव यांमुळे जमीन बिघडते. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियमचे आयन चिकटलेले असतात. त्यामुळे माती ओली असताना चिकट आणि वाळली की दगडासारखी होते, पाणी मुरत नाही. त्यावर जिप्सम टाकतात. जिप्सममधील कॅल्शियमचा एक आयन सोडियमच्या दोन आयनांना मातीच्या कणावरून हटवून त्यांची जागा घेतो, आणि सुटलेले सोडियम सल्फेट पाण्यात विरघळते. जिप्समच्या एका मोलचे वस्तुमान 172 ग्रॅम, सोडियमच्या दोन मोलचे 46 ग्रॅम. म्हणजे 172 ग्रॅम शुद्ध जिप्सम जास्तीत जास्त 46 ग्रॅम सोडियम हटवू शकते. हा हिशेब मुलाला आला, की एकराला जिप्सम पोत्यांनी का लागते याचे कारण तो घरी सांगू शकेल. आणि कणांचे चित्र काढलेले असेल, तर निचऱ्याची चर नसताना टाकलेले जिप्सम वाया का जाते, हेही त्याला उमगेल, कारण विरघळलेले सोडियम सल्फेट शेताबाहेर गेलेच नाही तर सोडियम तेथेच राहणार आहे.

मिरजेतील पालक

हे उदाहरण वाचून माझ्या शंकेचे बऱ्याच अंशी समाधान झाले. आमचे सासर वाळवा तालुक्यात आहे आणि जिप्समवरून दरवर्षी घरात चर्चा होते. मुलाला आजच हा हिशेब करायला देते. मात्र घटक चाचणीत असे प्रश्न आल्याशिवाय मुले ते गांभीर्याने घेणार नाहीत. शिक्षकांनी नमुन्यादाखल एखादा प्रश्न येथे द्यावा.

खडूफळा

पहिल्या घटक चाचणीसाठी मी काढलेला प्रश्न देते. सर्व सदस्यांनी तो तपासावा आणि काही सुधारणा असल्यास कळवावी.

"एका परीक्षानळीत निळ्या कॉपर सल्फेटचे स्फटिक तापविले असता ते पांढरे झाले आणि नळीच्या तोंडाशी पाण्याचे थेंब जमले. थंड झाल्यावर त्यावर दोन थेंब पाणी टाकताच पुन्हा निळा रंग आला. दुसऱ्या नळीत कॉपर सल्फेटच्या द्रावणात जस्ताची पूड टाकली असता निळा रंग गेला. त्यात कितीही पाणी घातले तरी तो परत आला नाही. दोन्ही नळ्यांतील कणांची चित्रे काढा आणि पहिल्या नळीत रंग परत का आला व दुसऱ्या नळीत का आला नाही, ते स्वतःच्या शब्दांत लिहा."

यात समीकरण मागितलेले नाही. जो विद्यार्थी आपण होऊन लिहील, त्याला त्याचा एक गुण देणार आहे. काचकांडी यांच्या सूचनेप्रमाणे चाचणीच्या आधीच्या आठवड्यात दुसरा भाग खळग्यांत थेंबांनी प्रत्येक जोडीकडून करून घेईन. स्फटिक तापविण्याचा भाग मी स्वतः करून दाखवीन, कारण स्पिरिटचे दिवे शाळेत दोनच आहेत.